नाल्याकाठचे आठ फूट

१७ जानेवारी

आजपासून मी ‘नाल्याकाठ रहिवासी संघ, मांजर्ली’ची सचिव. सभेला एकवीस माणसं आली होती, त्यातली सहा चहा झाल्यावर उठली. अध्यक्षपद समीरने घेतलं. आमच्याच नीलपर्ण संकुलात राहतो, विमा कंपनीत मॅनेजर आहे, आवाज चांगला आहे. लिहायचं काम कोण करणार म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंबरनाथच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढलेल्या बाईला कागदांशिवाय करमत नसेल, असं लोकांना वाटतं. खोटं नाही ते.

संघाची इतिवृत्तं लिहीनच. पण इतिवृत्तात ‘अमुक गृहस्थ तासभर नुसते मोबाईल बघत बसले’ असं लिहिता येत नाही. म्हणून ही वही वेगळी.

हे सगळं सुरू झालं राजाबाईमुळे. ती आमच्या गेटपाशी भाजी विकते. नाल्यापलीकडे त्यांची नऊ घरांची जुनी आळी आहे. गेल्या जुलैत नाला फुगला तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटपर्यंत पाणी होतं, त्यांच्या घरांत छातीपर्यंत. तिच्या नवऱ्याला, महिपतीला, अर्धांगवायू आहे. त्याला उचलून माळ्यावर ठेवला, नऊ तास. दिवाळीनंतर एकदा भेंडी तोलता तोलता मला म्हणाली, "बाय, तुमी शिकल्याल्या. एक अर्ज लिवा ना." पूर्वी नाला कसा होता, कुठून वाहायचा, बरंच काय काय सांगत होती. मी म्हटलं, "ते राहू दे, आधी मुद्द्याचं सांग. पाणी किती वाजता शिरलं?"

घरी मधूला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं तर म्हणाला, "नाल्याच्या भानगडीत पडू नकोस, मालू." अकरा वर्षं संकुलाचा अध्यक्ष होता, कंटाळलाय बिचारा. त्याच्याच काळात मागची बाग झाली. नाल्याच्या बाजूने आठेक फुटांची पट्टी, बाकं, फरशी, भक्कम भिंत. मी रोज सकाळी तिथे चालते. एवढं करून दाखवलेल्या माणसाने आता हात झटकावेत, याचं वाईट वाटतं.

२९ जानेवारी

अर्ज दिला. म्हणजे सव्वादहाला गेले आणि अडीचला सुटले. आवक खिडकीवरचा गृहस्थ म्हणाला, नाला आरोग्य विभागाकडे. आरोग्य म्हणालं, सफाई आमची, नाला बांधकामचा. बांधकाम म्हणालं, "हा नैसर्गिक प्रवाह आहे मॅडम, तो कुणाचाच नाही."

"मग घरात शिरतं ते पाणी कुणाचं?" मी विचारलं. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

शेवटी शिक्का मिळाला, तोही कालच्या तारखेचा. बदला म्हटलं तर म्हणतो, "एक दिवस आधीची आहे, तुमचाच फायदा." कारखान्यात असा शिक्का कुणी मारला असता तर मी अख्खा माल परत पाठवला असता.

१८ फेब्रुवारी

चौथी फेरी.

समीरने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नाला अ‍ॅक्शन’ नावाचा ग्रुप काढलाय. एकशे बारा माणसं. काल मी लिहिलं, उद्या साडेदहाला पालिकेत जायचंय, कोण येणार? चौतीस अंगठे आले, नऊ जोडलेले हात, एक फुलांचा गुच्छ. प्रत्यक्षात आली एकटी राजाबाई. टोपली शेजारणीवर सोपवून, इस्त्रीचं पातळ नेसून. साहेब मीटिंगला गेले होते. दोन तास आम्ही बाकावर. तिने पिशवीतून गवार काढली आणि निवडत बसली. अर्ध्या तासाने मीही तिच्याबरोबर निवडायला लागले, नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी निघालं असतं.

लेखी उत्तर हातात पडलं: ‘सदर नाल्याची सफाई नियमित करण्यात येते.’ एका ओळीत शुद्धलेखनाच्या दोन चुका आणि एक थाप.

८ मार्च

ठरवलं, आपणच मोजायचं. तोंडी बोललं की कुणी ऐकत नाही, आकडा टाकला की निदान कागद उलटून तरी बघतात. राजाबाईचा मुलगा कैलास रिक्षा चालवतो. तो आणि मी टेप घेऊन नाल्यात उतरलो. वरच्या पुलापाशी एकवीस फूट. शाळेच्या मागे साडेवीस. आमच्या संकुलामागे तेरा. पुढे पुन्हा वीस.

तेरा! सापडलं एकदाचं. पाणी इथे अडतं आणि मागे फुगून आळीत शिरतं. आळीच्या काठाला बघितलं तर धुण्याचे दगड, एक पत्र्याची न्हाणी, रिक्षा धुवायला कैलासने घातलेला ओटा. हळूहळू सरकत आले असणार पुढे. अडचणीत माणूस करतो असं, मी समजू शकते, पण मोजमापात दयामाया नसते. शक्य तितक्या गोड शब्दांत राजाबाईला सांगितलं की ओटा आणि न्हाणी मागे घ्यावी लागेल.

ती मग म्हणाली, "घेऊ की. पन बाय, आमची घरं माज्या सासऱ्याच्या वक्तापासनं हितंच हायत. ती काय हालली नाय."

कैलास काहीतरी बोलणार होता, तिने त्याला नजरेनेच गप्प केलं. लागलं असणार तिला माझं बोलणं. इलाज नव्हता.

घरी येऊन मधूला आकडे वाचून दाखवले. त्याने अर्धं ताट तसंच ठेवलं. पित्त झालंय म्हणाला.

२५ मार्च

शिष्टमंडळ. अकरा जण येतो म्हणाले, आलो चार. तीन तास थांबल्यावर एक नवा कनिष्ठ अभियंता भेटला. अक्षय नाव, सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, उल्हासनगर कॅम्प एकहून येतो. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या मागवल्या, आणि मी केलेला तक्ता ओळीवर बोट ठेवून पूर्ण वाचला. जानेवारीपासून पहिल्यांदा कुणीतरी माझा कागद वाचला. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"मॅडम, मेजरमेंट एक नंबर आहे. पण तेरा फूट झालं ते कुणामुळे, हे टेपने नाही कळणार. जुना नकाशा काढून हद्द लावू. फक्त एक सांगतो, मोजणी झाली की जे निघेल ते निघेल. मग ‘साहेब, राहू द्या’ बोलायचं नाही."

"राहू द्या म्हणणारी बाई नाही मी," मी म्हटलं.

समीर बाहेर आल्यावर एक शब्द बोलला नाही. भुकेला असेल.

६ एप्रिल

समीरचा फोन. "काकू, मोजणीचं सोडा ना. आपण फक्त सफाई मागू. जेसीबी येईल, गाळ निघेल, फोटो टाकू, सगळे खूश. कशाला उगाच मॅटर वाढवायचा?"

अध्यक्ष म्हणे! मी त्याला स्पष्ट सांगितलं, मूळ दुखणं सोडून मलम लावत बसायची मला सवय नाही. आणि दुपारी मोजणीचं स्मरणपत्र देऊन आले.

रात्री जेवताना मधू म्हणाला, "ते पत्र मागे घे, मालू."

"का?"

"घे म्हणतो म्हणून."

असलं उत्तर मला चालत नाही, हे चाळीस वर्षांत त्याला कळायला हवं होतं. माझा तोल गेला. म्हटलं, "अकरा वर्षं तू बागेत बाकं मांडलीस. मी माणसं वाचवायला निघालेय. तुला ते बघवत नाही, एवढंच आहे."

त्याने उठून हात धुतले आणि खाली बागेत जाऊन बसला. इतकं बोलायला नको होतं. पण माझं चुकलं काय, तेही कळत नाही.

२३ एप्रिल

मोजणी झाली.

अक्षय साडेनऊला दोन माणसं आणि यंत्र घेऊन आला. आळीतले सगळे काठावर उभे होते. पहिली खूण आळीच्या बाजूला लागली, ओट्याच्या अलीकडे. म्हणजे ओटा नाल्यात येतो, पण वीतभर. मी म्हटलं, बाकीचं? अक्षयने हाताने दाखवलं, पलीकडे चला.

आम्ही वळसा घालून आमच्या बागेत आलो. त्याच्या माणसाने फरशीवर लाल रंगाने फुली मारली. तिसऱ्या बाकाच्या पायाशी. भिंतीपासून आत आठ फूट.

मी म्हटलं यंत्र चुकलं. अक्षयने पुन्हा लावून दाखवलं. मी माझा टेप आणला, शाळेच्या कोपऱ्यापासून स्वतः मोजलं. दोनदा. आठ फूट. एकवीस वजा तेरा, आठ. पहिलीतल्या पोराला येईल असं गणित दीड महिना माझ्या वहीत पडून होतं.

राजाबाई तिथेच होती. तिने तांब्या भरून आणला आणि माझ्या हातात दिला.

वर आले तर मधू चपला घालून सोफ्यावर बसला होता, बाहेर पळून जायचं होतं आणि जमलं नाही अशा चेहऱ्याने. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

त्याने सगळं सांगितलं. तेरा वर्षांपूर्वी मागच्या बाजूने चोऱ्या झाल्या होत्या. भिंत बांधायची ठरली. कंत्राटदार म्हणाला, नाला उन्हाळ्यात कोरडाच असतो, थोडं पुढे घेऊ, बाग होईल. नकाशा मधूने स्वतः बघितला होता. सभेत ठराव झाला, एकमताने.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून."

"तू त्या वर्षी आईच्या आजारपणात अंबरनाथला होतीस. परत आलीस, बाग बघितलीस, इतकी खूश झालीस... रोज सकाळी जायला लागलीस. मग कधी सांगू?"

२४ एप्रिल

सकाळी चालायला गेले नाही. लिहायला काही नाही.

४ मे

संकुलाची सभा. संघाच्या सभेला कधी न दिसलेली माणसं आज पहिल्या रांगेत होती. समीरचं म्हणणं, संघाने अर्ज मागे घ्यावा, मोजणीचा कागद पुढे जाऊ नये म्हणून ‘वरती’ बोलता येईल, आणि नालेसफाईचा पाठपुरावा चालू ठेवावा. सचिवाची सही लागेल.

शेजारची बकुळा म्हणाली, "आमच्या पोरांनी खेळायचं कुठे? रस्त्यावर?" मागून कुणीतरी म्हणालं, "नाल्यापलीकडच्यांसाठी आपल्या घरांच्या किमती पाडायच्या?" आणि मग ते वाक्य आलंच. "भिंत तुमच्या मिस्टरांनीच बांधली ना काकू? तेव्हा गप्प होतात."

मी गप्प नव्हते, मी नव्हतेच, असं म्हणणार होते. पण मधू माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता. मी दोन आठवड्यांची मुदत मागितली.

खरं लिहायचं तर क्षणभर वाटलं, करावी सही. मग आठवलं, मीच पाडायला निघाले होते की नाही आळीतल्या लोकांची न्हाणी, किती सहज!

९ मे

अक्षयला भेटले. तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? नोटीस, सुनावणी, अपील, दोन वर्षं आरामात जातात. पण भिंत संकुलाची आहे. संकुलानेच लिहून दिलं की आम्ही काढतो, तर कुणाची परमिशन लागत नाही. सभासदांच्या निम्म्याहून जास्त सह्या आणा. तुमची छत्तीस घरं, म्हणजे एकोणीस."

साडेतीन महिने मी ज्या सहीसाठी खिडक्या झिजवल्या, ती आमच्याच जिन्यात होती.

तिथून तडक आळीत गेले. बारा-तेरा वर्षं राजाबाईकडून भाजी घेते, तिच्या घरात आज पहिल्यांदा पाय ठेवला. दोन खोल्या, लख्ख सारवलेलं अंगण. भिंतीवर गेल्या वर्षीच्या पाण्याची तपकिरी रेघ, महिपतीच्या खाटेच्या बरीच वर. तो खाटेवर होता. मला बघून उजवा हात उचलला. बोलला काहीतरी, मला कळलं नाही.

मी राजाबाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, भिंतीचं?"

"आमच्या म्होरंच तर बांधली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं व्हतं बाय. पयल्याच दिसी. तुमी म्हनल्या, मुद्द्याचं सांग."

मला खाली बघावं लागलं. थोड्या वेळाने त्या आपणहून म्हणाल्या, भिंत चालू असताना कैलास आणि आळीतले चौघे भांडायला आले होते. तुमच्या सायबांनी समजूत घातली. दुसऱ्या दिवसापासून गेटपाशी भाजीला जागा दिली, वॉचमनला सांगितलं, हिला कुणी उठवायचं नाही.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की मधूने त्या बाईला जागा दिली, केवढं मन आहे त्याचं.

"आणि तरी तुम्ही मला अर्ज लिहायला सांगितलात? ती जागा जाईल हे कळत होतं ना?"

"कळत व्हतं," राजाबाई म्हणाल्या. "पन यांना आता माळ्यावं चढवाया व्हत नाय. गेल्या साली खांद्यातनं हात निसटला त्यांचा."

१८ मे

पुन्हा सभा. मी सही करणार नाही म्हणून सांगितलं आणि अक्षयने सांगितलेला मार्ग मांडला. आरडाओरडा झाला. तेवढ्यात मधू उभा राहिला. तेरा वर्षांपूर्वीचं इतिवृत्ताचं पुस्तक त्याने घरात जपून ठेवलं होतं, हेही मला आजच कळलं. त्याने ठराव वाचला. मग म्हणाला, "नकाशा मी बघितला होता. नाला आपला नाही हे मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलंही होतं, आणि तुम्ही सगळ्यांनी हात वर केले होते. मी चूक केली. ती मोडायला पहिली सही माझी."

मला त्याचा राग येत होता, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटत होता. दोन्ही केलं नाही.

अकरा सह्या झाल्या. एकोणीस हव्यात. बाकीचे ‘विचार करून सांगतो’ म्हणत पांगले.

३० मे

दोन बातम्या. संघाची ‘तातडीची सभा’ झाली आणि मला सचिवपदावरून काढलं. कारण, ‘सदस्यांत गैरसमज पसरवणे’. नवा सचिव नेमलेला नाही. लिहायचं कुणाला आहे?

दुसरी, सुरक्षेच्या कारणास्तव गेटपाशी विक्रेत्यांना मनाई. विक्रेते म्हणजे एकट्या राजाबाई. आज त्या रस्त्यापलीकडे उन्हात बसल्या होत्या. मी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "कोथिंबीर घेताव का? सुकंल नायतर."

१२ जून

अक्षयची बदली झाली. नवा माणूस म्हणाला, मोजणीचा कागद फाईलला लागलेला नाही, नव्याने अर्ज करा. मी विचारलं, कुठल्या विभागाकडे? म्हणाला, आधी आवक खिडकीला विचारा.

मी तिथल्या बाकावर बसले आणि मोठ्याने हसले. शिपाई पाणी घेऊन आला.

सह्या बारा. शौनक नावाचा पहिल्या मजल्यावरचा मुलगा नवीन राहायला आलाय, त्याने केली. त्याने बिचाऱ्याने बाग अजून धड बघितलीही नव्हती.

१५ जुलै

पहाटेपासून पाऊस थांबलेला नाही. सातला कैलासचा फोन आला, "काकी, पानी दाराशी आलंय. बाबांना कुठं न्यू?"

"इकडे आण," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. सुचायला हवंही नव्हतं.

लिफ्ट बंद होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून कैलास आणि मधूने महिपतींना दुसऱ्या मजल्यावर आणलं. मधू अडुसष्टचा आहे. प्रत्येक वळणावर थांबत होता, पण खुर्ची सोडली नाही त्याने. महिपती भिजून काकडत होते. मी त्यांना खिडकीशी बसवलं आणि डोकं पुसलं. मागे राजाबाई, सून विठा, तिचं बाळ, दोन शेळ्या. शेळ्या जिन्यातच राहिल्या.

बकुळा दार उघडून बाहेर आली. "मालिनीताई, शेळ्या? जिन्यात? हे काय चाललंय?" म्हणत आत डोकावली. महिपती तिच्याकडे बघत होते. भिजलेला सदरा अंगाला चिकटलेला, डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला, हनुवटी थडथडत होती. बकुळा दोन मिनिटं तशीच उभी राहिली. मग गेली आणि सासऱ्यांचा वूलनचा स्वेटर आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. त्यांच्या पायाशी बसून पिशवी लावायला लागली.

खिडकीतून नाला सरळ दिसत होता. पाणी आमच्या भिंतीवर आदळत होतं आणि उलटं फिरून आळीत घुसत होतं. एकामागून एक लोक आमच्या खिडकीशी येऊन बघून गेले. कुणी चहा आणला, कुणी बाळाला दुपटी. आठ फुटांचं कुणीच बोललं नाही. बोलायची गरज नव्हती, समोर चाललं होतं.

दुपारी दोनला पाणी राजाबाईंच्या खिडकीच्या वर गेलं. त्या बघत नव्हत्या. त्या माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून सगळ्यांसाठी पिठलं करत होत्या.

२१ जुलै

बकुळाने सही केली. तिने स्वतः तिसऱ्या मजल्यावर फिरून आणखी पाच आणल्या. अठरा. एक कमी.

संध्याकाळी समीर आला. म्हणाला, "काकू, आता सेंटिमेंट आपल्या बाजूने आहे," आणि सही केली. एकोणीस. मला त्याच्या तोंडावर दार लावायचं होतं. मी पेन परत घेतलं आणि चहा विचारला.

२ ऑगस्ट

भिंत पडली. तीन दिवस उघडीप होती, जेसीबी मिळाला. आदल्या संध्याकाळी मधूने एकट्याने बाकांचे नट सैल करून ठेवले होते. मी मदतीला गेले तर म्हणाला, "पाना दे." मी पाना दिला. एप्रिलनंतर आम्ही मिळून केलेलं हे पहिलं काम.

भिंत पडायला चाळीस मिनिटं लागली. समीरने जेसीबीसमोर फोटो काढला, ग्रुपवर टाकला: ‘संघाच्या अथक पाठपुराव्याला यश’. एकसष्ट अंगठे.

कैलासने त्याचा ओटा सकाळीच फोडला होता. वीतभर होता, तरी.

घरी आल्यावर मी मधूला म्हटलं, "मला सांगायला हवं होतंस."

"हो," तो म्हणाला. मी ताटं वाढली. आज जेवण पूर्ण केलं त्याने.

१९ ऑगस्ट

काल पुन्हा तुफान. हेंद्रेपाड्याकडचा रस्ता बंद, वरचा पूल पाण्याखाली. मी सकाळी आठपासून कैलासला फोन करत होते, लागत नव्हता. मधूने खुर्ची काढून दाराशी ठेवली होती. दहा वाजले, अकरा वाजले, कुणी आलं नाही. आमच्या जिवात जीव नव्हता.

आज सकाळी पाणी उतरल्यावर आळीत गेले. चिखल आहे, सगळ्या घरांत आहे. पुढच्या संकुलाने पण नाल्यात काहीतरी बांधलंय, असं विठा सांगत होती. पालिकेला लिहावं लागेल, म्हणजे पुन्हा ती खिडकी. राजाबाईंना गेटपाशी अजून बसू देत नाहीत. समिती म्हणते, पुढच्या सभेत बघू. मी भांडते म्हटलं तर त्या म्हणाल्या, "नंतर. आदी झाडू द्या जरा."

त्या खराट्याने चिखल बाहेर लोटत होत्या. पाणी किती आलं, मी विचारलं. त्यांनी पातळ वर करून पाय दाखवला. घोट्याच्या वर चिखलाचं कडं.

आत महिपती त्यांच्या खाटेवर होते. कोरडे. काल त्यांना कुणी हलवलंच नव्हतं. मला बघून उजवा हात उचलला आणि काहीतरी बोलले. मला कळलं नाही. मी खाटेशी वाकले. ते पुन्हा बोलले. पुन्हा कळलं नाही. बाहेरून राजाबाई सांगायला आत येत होत्या, मी त्यांना हाताने थांबवलं आणि तिथेच खाली बसले, कान महिपतींच्या तोंडाजवळ नेला.

तिसऱ्यांदा कळलं.

"खाटंखालनं गेलं," ते म्हणत होते. "खाटंखालनं."